गिटार वगळून कार्लिस

९ मार्च १९९८
ब्रँट्ली क्रॉसिंग, जॉर्जिया

हॉइट,

तुझ्या वकिलाचं जाडजूड पाकीट मिळालं. त्यात तुझ्या हातचं एक अक्षर नाही. मी तुझी बायको होते तेव्हाही तू स्वतः कधी काही मागितलं नाहीस, दुसऱ्याच्या तोंडून मागवायचास. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही.

तर मला समजलं ते असं. 'टोबॅको बार्न'ला पंचवीस वर्षं झाली म्हणून येत्या ऑगस्टमध्ये अटलांटाला तू तो अख्खा अल्बम लोकांसमोर वाजवणार, आणि गाणार माझा भाऊ. वीस वर्षांपूर्वी मेलेला. जुन्या टेपवरून कार्लिसचा आवाज तेवढा उचलायचा, पडद्यावर त्याचा फोटो लावायचा, आणि खाली तू आणि तुझी भाड्याची पोरं वाजवणार. त्याला त्याच्या आईची सही लागते. बरोबर ना?

बँडचं नाव अजून 'सॉमिल रोड'च लावतोस म्हणे. त्यातलं उरलंय कोण? कार्लिस गेला. ड्रम वाजवणारा डेल गेला. बेसवाला ओडम फ्लोरिडात बोटी विकतो आणि तुझा फोनही उचलत नाही असं ऐकते. म्हणजे तू एकटा, आणि तुझे काळे केलेले केस. किराणा दुकानातल्या बाईने मासिकातला फोटो दाखवून विचारलं, "हा तुझा हॉइट ना गं?" मी म्हटलं, "माझा असता तर कलप तरी धड लावून दिला असता."

सही मिळणार नाही. कारण हवं असेल तर कार्लिसच्या दफनाचा दिवस आठव. आमच्या हेब्रोन चर्चच्या मंडळीने त्याला काढून टाकलं होतं, म्हणून चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही. हायवेकडेच्या सरकारी दफनभूमीत नेला. आई तरीही आली. आमच्यात वाद्य म्हणजे पाप. गळा देवाने दिलेला, तेवढ्यानेच गायचं. लाकूड आणि तार माणसाची. तू या घरात जावई म्हणून जेवलास, तुला हे कोणी शिकवायला नको होतं. तरी तू कॅमेरावाले घेऊन आलास, पेटी उघडलीस आणि कबरीच्या काठावर गिटार वाजवायला लागलास. माझी आई पाठ फिरवून मोटारीत जाऊन बसली, काचा वर करून. मुलाच्या अंगावर मूठभर माती टाकायची तिची राहिली, ती राहिलीच. त्या फोटोने तुझं नाव मात्र पुष्कळ झालं.

आता माझं काम. हो, माझंही काम आहे, दात खाऊन लिहिते आहे. आईचं हृदय थकलं आहे, पायात पाणी साचतं. डॉक्टर म्हणतात जूनअखेर कलिंगडं तयार होईपर्यंत टिकली तर नशीब. परवा ती म्हणाली, "नेल्डा, मला त्याचा चेहरा दिसतो, पण आवाज आठवत नाही गं. खूप आठवून पाहिला. येत नाही." तिने त्याची एकही रेकॉर्ड कधी ऐकलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. घरात त्याच्या बोलण्याची दुसरी कसलीही टेप नाही.

तुझा वकील लिहितो की हल्ली आवाज वेगळा काढता येतो. मग तो काढ आणि एका कॅसेटवर मला पाठव. नुसता कार्लिस. गिटार नको, ड्रम नको, टाळीसुद्धा नको. नुसता गळा ऐकायला तिला कोणाचीच आडकाठी नाही.

नेल्डा

२ एप्रिल

हॉइट,

मी काय मागितलं आणि तू काय पाठवलंस? अल्बमची नवी चकचकीत सीडी, आणि पेकनच्या सोललेल्या दाण्यांचा डबा, वर लाल फीत. जिच्या अंगणात पेकनची झाडं आहेत, जी दर हिवाळ्यात ती फोडून फोडून नखं काळी करून घेते, तिला कॅलिफोर्नियाहून पेकन. अंगाचा तिळपापड झाला. डबा मी कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात नेला, तिथल्या बायकांनी खाल्ला आणि तुला नावं ठेवली. सीडी माझ्या कपाटात आहे. आईला दाखवलीसुद्धा नाही.

वर काल फोनवर तुझी भाषा. "आधी सही, मग कॅसेट. धंद्यात असंच असतं, नेल." मरायला टेकलेल्या बाईशी धंदा करतोस? आणि मला नेल म्हणू नकोस.

"आता इतकी वर्षं झाली, ऐकली थोडी गिटार तर काय आभाळ कोसळणार आहे?" असंही म्हणालास. हसत होतास. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला काय कळणार? म्हणून तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, सगळं ऐक.

कार्लिसने सोळाव्या वर्षी नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा अख्खं हेब्रोन काठावर गात होतं. तुमच्या त्या अल्बमवर त्याचं नाव झालं ते ज्या गळ्यामुळे, तो तिथे घडला. पुढे तुम्ही बिअरच्या अड्ड्यांत वाजवायला लागलात, ते मंडळीच्या कानावर आलं. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची बैठक. तो स्वतः गेला नव्हता, कारण त्या शनिवारी तुमचा कुठेतरी कार्यक्रम होता. मंडळीचे पुढारी एल्डर गॅडिस, त्यांनी विचारलं, कार्लिस टार्प्लीला मंडळीतून काढण्याला कोणाचा विरोध आहे का? आमच्यात सगळ्यांचं एकमत लागतं. एकाने जरी 'माझा आहे' म्हटलं तरी काढता येत नाही. मी तेव्हा मंडळीत नव्हते. तुझ्याशी लग्न केलेलीला कोण घेणार? तू टाकून गेल्यावर त्यांनी घेतली. पण आई तिथे होती, पहिल्या बाकावर. ती गप्प बसली. मुलासाठी वेगळा नियम मागायचा नाही, म्हणून गप्प बसली.

त्यानंतर तिने वाद्य म्हणून ऐकलं नाही. डॉक्टरकडे बसायच्या खोलीत मंद संगीत लावतात, तर ती बाहेर उन्हात पायरीवर बसून राहते आणि मी आत नंबर धरते. एक शब्द न बोलता तिने मुलगा दिला आणि त्या बदल्यात हा नियम सांभाळला. तो आता तुझ्या सीडीपायी मोडायचा?

सहीसाठी तिच्याकडे कागद नेणार नाही. कॅसेट ऐकल्यावर ती स्वतः जे ठरवेल ते. तुला पटत नसेल तर राहू दे, तसाही आमच्या तोंडाला पानं पुसण्याचा तुला सराव आहे.

नेल्डा

२१ एप्रिल

हॉइट,

कॅसेट पोहोचली, सहीच्या आधीच. वर तुझ्या अक्षरात 'मिस व्हेस्टांसाठी' लिहिलंय ते पाहिलं, आईला अजून तेच म्हणतोस. आभार मानत नाही.

तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवली होती, पाणी काढायला. घरी आणली आहे. ओढ्याकाठच्या मेहॉची आंबट लाल फळं पडायला लागली आहेत, आणि हिला बिछान्यातून उठून जेली करायची आहे. मी एकटीने वेचून आणली तर म्हणते, हिरवी फार आणलीस, तुला कधी कळायचं? म्हणजे तब्येत बरी आहे. जरा धाप कमी होऊ दे, मग ऐकवते.

मी आधी ऐकून पाहिलेली नाही. पहिल्यांदा तिनेच ऐकावा.

ने.

११ मे

हॉइट,

तुझे निरोप फोनच्या मशीनवर साचले आहेत. "म्हातारी काय म्हणाली?" इतकंच प्रत्येकात. सांगते. पाणी पिऊन बस.

एप्रिल संपता संपता एका दुपारी तिला मागच्या ओसरीत खुर्चीत बसवलं. तिने दाढेखाली तपकीर धरली, मांडीवरचा एप्रन सारखा केला, आणि म्हणाली, "लाव."

आधी खरखर. मग कार्लिस खोकला. मग बोलला, "हॉइट, माझी वायर तुझ्या पायाखाली आहे, बैला. हल." आणि माझी आई हसली. इतकी हसली की धाप लागली. म्हणाली, "हाच. अगदी हाच. जेवताना असाच ओरडायचा."

मग तो गायला लागला. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. आणि पहिली ओळ संपायच्या आत मला ऐकू आलं. त्याच्या मागे, बारीक, शेजारच्या घरात कोणी वाजवावं तशी, गिटार.

मला वाटलं, मेल्या, तू मुद्दाम केलंस. तिथे असतास तर ती कॅसेट तुझ्या तोंडावर मारली असती. नंतर डबीत घडी घातलेली चिठ्ठी सापडली, तुझ्या त्या यंत्रवाल्या माणसाची. लिहितो की अल्बमच्या वेळी तंबाखूच्या गोदामात तुम्ही सगळे एकाच वेळी गायलात-वाजवलंत, मध्ये भिंत नाही, पडदा नाही, म्हणून गायकाच्या माइकमध्ये गिटार शिरली आहे आणि ती आता काढता येणार नाही. कार्यक्रमात दुसऱ्या वाद्यांखाली कळणार नाही, पण अशी नुसती ऐकली तर कळेल. हे तुला ठाऊक होतं, हॉइट. तुम्ही तसं वाजवण्याचा हट्ट कोणाचा, हेही ठाऊक होतं. कार्लिसचाच. हेब्रोनमध्ये आम्ही चौकोनात बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघत गातो, त्याला दुसऱ्या कोणत्या रीतीने गाता येत नसे. तुझ्या काकाच्या त्या गोदामात त्याने तुम्हा सगळ्यांना तसंच बसवलं होतं. त्यावरच तर त्या अल्बमचं कौतुक झालं. तोंडाने सांगायचं होतंस मला. नाही सांगितलंस.

आईने मान वर केली. "ते काय वाजतंय?"

मी म्हटलं, "पंखा."

"मी मरते आहे, बहिरी झालेली नाही. गिटार आहे ती."

मी बटणाकडे हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर अजून आहे हे मला माहीत नव्हतं. "राहू दे," म्हणाली. एक बाजू संपली. म्हणाली, "उलट." दुसरी संपली. म्हणाली, "पुन्हा पहिली."

मग तिने विचारलं, "हा हॉइट का?"

"हो."

"पोरगं चांगलं वाजवतं."

हे ऐकून तुला बरं वाटेल. मला काय वाटलं ते विचारू नकोस. मी तिचे पाय चोळते, तिचं पथ्याचं रांधते, तिच्यासाठी या गावात सडले, मला एका शब्दाने कधी चांगली म्हणाली नाही ती.

मग चौकशी. सगळे एकत्र बसले होते का? हो. तोंडं समोरासमोर? हो. कार्लिसच्या समोर कोण? हॉइट. ती बराच वेळ तपकीर चघळत बसली. मग म्हणाली, "मग ते आमच्यासारखंच होतं की गं. मला कोणी सांगितलंच नाही." तिला कोणी सांगितलं नाही, कारण तिने कोणाला सांगू दिलं नाही.

तुझ्या सहीचं तेव्हाच विचारलं. तिचा निरोप तिच्याच शब्दांत: "तो ज्यांच्या समोर बसून गायला त्यांच्यातच राहू दे. हॉइटला म्हणावं, भाड्याच्या माणसांपुढे माझ्या पोराला उभा करू नकोस. आणि म्हणावं, एकदा जेवायला ये." जेवायला बोलावलंय ते तिने. माझ्यातर्फे काही आमंत्रण नाही.

इथे संपलं असतं तर मी तुला हे पत्र लिहिलं नसतं, फोनवर 'नाही' सांगून ठेवून दिला असता.

परवा दुसरा शनिवार होता. आणि मे महिन्यातला, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्षाचं प्रभुभोजन आणि पाय धुण्याचा विधी. आई आणि तिची मैत्रीण ओला ग्रिनर तरुण होत्या तेव्हापासून दरवर्षी एकमेकींचे पाय धुतात. मला वाटलं, त्यासाठीच ती जायचा हट्ट धरते आहे. मी निळा झगा इस्त्री केला, टॉवेल घडी करून पिशवीत ठेवला. मोटारीत बसल्यावर तिने पिशवीतून टॉवेल काढला आणि मागच्या सीटवर टाकला.

"नेल्डा, आज मी काही बोलणार आहे. तू आडवी यायचं नाहीस."

"काय बोलणार आहेस?"

"तिथे ऐकशीलच. पण आडवी यायचं नाहीस. शब्द दे."

मी म्हटलं, देते बाई. मला काय ठाऊक?

आता मंडळी उरली किती, सगळी म्हातारी, दोघं-तिघं काठीवाली. एल्डर गॅडिसनी नेहमीसारखं विचारलं की कोणाच्या मनात काही आहे का. आई बाकाला धरून उठली आणि म्हणाली की मी वाद्य ऐकलं.

एल्डर हसले. "सिस्टर व्हेस्टा, आजारी माणसाच्या औषधाच्या गुंगीत कानावर काही पडलं तर देव त्याचा हिशेब ठेवत नाही. बसा."

"गुंगी नव्हती. खुर्चीत बसून ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. त्यानंतर रोज ऐकते आहे."

"बरं. पश्चात्ताप झालाय ना? तेवढं म्हणा, विषय संपला."

"झालेला नाही."

"नुसतं म्हणा हो."

"तुमच्यासमोर उभी राहून खोटं बोलू?"

ओला मागून म्हणाली, "व्हेस्टा, खाली बस गं. उद्या पाय कोणाचे धुऊ मी?" आईने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बसली असती, असं मला वाटतं. ती एल्डरना म्हणाली, "मला माफ करत असाल तर माझ्या पोरालाही करा. कार्लिस टार्प्लीला परत घेतलं असं लिहा."

गॅडिस माणूस म्हणून वाईट नाहीत, हॉइट, तुला ते आवडायचे नाहीत तरी. म्हणाले, "मेलेल्याला परत घेता येत नाही. ज्याला काढलं त्याने स्वतः येऊन मागावं लागतं. तुम्हाला माहीत आहे."

"आहे माहीत. मग मला त्याच्याकडे पाठवा. तेव्हा मी इथेच बसले होते, याच बाकावर. एक शब्द म्हटला असता तर तो राहिला असता. नाही म्हटला. त्याला बाहेर ठेवून मी आत राहून मरणार नाही. आणि मला आता आवारात, नवऱ्याशेजारी पुरू नका. हायवेकडे त्याच्याशेजारी जागा आहे."

बाहेरून लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक गेला. एल्डरनी नियमाचं वाक्य म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार? सिस्टर व्हेस्टा टार्प्ली पश्चात्ताप नाकारतात, त्यांना मंडळीतून काढण्याला कोणाचा विरोध आहे का?

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओला तर रडत माझ्याकडे बघत होती, म्हण गं, म्हण, अशी. त्यांना ते माझ्याकडून हवं होतं. मी 'माझा आहे' म्हटलं असतं की सगळे सुटले असते. आई दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला बसली असती, तिचे पाय धुतले गेले असते, आणि वेळ आली की बाबांच्या शेजारी तिला ठेवली असती, जिथे मलाही एक दिवस जायचं आहे. आईनेही माझ्याकडे पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती. मी लहानपणी पाहुण्यांसमोर बोलू नये म्हणून जशी बघायची, तशी बघत होती.

मी गप्प बसले.

एल्डरनी पुन्हा विचारलं. नियमात एकदाच विचारायचं असतं, तरी विचारलं. मी मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. मग ते म्हणाले, विरोध नाही, आणि पुस्तक मिटून चष्मा पुसायला लागले. आईने पिशवी उचलली आणि भिंतीला धरत धरत बाहेर गेली. मी मागून गेले. घरी येताना तिने वाटेत भाजलेली मासळी मागितली, पोटभर जेवली, आणि रात्री पहिल्यांदा न उठता झोपली. काल रविवारी ओसरीत बसून कॅसेट ऐकत होती. हेब्रोनकडून वारा असला की गाणं इथपर्यंत येतं. तिने ते ऐकायला कॅसेट बंद केली नाही.

तू तिला मुलाच्या कबरीवरून उठवलंस, ते मी वीस वर्षं उगाळलं. आता मी तिला मंडळीतून उठवली, आणि तेही तिने सांगितलं म्हणून. तुझ्या-माझ्यात आता काही फरक उरला नाही, हॉइट. हे मात्र मी तुला कधी माफ करणार नाही.

नेल्डा